नदीकडची बाजू

फार पूर्वी शोणतीर नगरावर जयंधर राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने नदीच्या पलीकडच्या काठावर, नावा बांधणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुतीर. धाकट्या भावाला, रोहकाला, हाताशी घेऊन तो नावा बांधी आणि वडिलांच्या हातच्या एका जुन्या नावेतून लोकांना नदीपार नेई. त्या नावेवर दोघांची घरे चालत.

राजाची राणी नीलवेणी दूर दक्षिणेच्या बेटावरची होती. हिवाळा म्हणजे काय हे तिकडे कुणाला ठाऊक नसते. नव्या घरी ती रुळली नव्हती. विचारले तर उत्तर देई, आपण होऊन कुणाशी बोलत नसे. हे कानावर गेले तेव्हा तिच्या वडिलांनी माहेरच्या कुंडातले मासे रांजणांत घालून गलबताने धाडले. बोटाएवढेच मासे, पण कुणी हळदीच्या रंगाचे, कुणी गर्द निळे. राणी दिवसभर त्यांच्यापाशी बसू लागली. राजाला इतका आनंद झाला की त्याने त्यांच्यासाठी अंगणात संगमरवरी हौद बांधून घेतला.

मग थंडी पडली. रात्री दगड गार होई आणि त्याच्याबरोबर पाणीही. सकाळी मासे तळाशी अंग टाकून पडलेले असत आणि रोज एखादा उलटा तरंगत असे. राणी तो ओंजळीत घेऊन नुसती उभी राही. कुणीतरी सुचवले की लाकूड दगडासारखे गारठत नाही, तेव्हा लाकडाचे तळे करावे. राजवाड्यातले सुतार दारे आणि पलंग करणारे. म्हणून सुतीराला बोलावणे गेले.

त्याच्यासाठी राजाने ताज्या देवदाराच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. सारे अंगण त्यांच्या वासाने भरून गेले होते.

"तळं चांगलं झालं तर लोकांना नदीपार नेण्याचा, उताराचा हक्क कायमचा तुझ्या कुळाला देईन," राजा म्हणाला. "या घाटावर दुसऱ्या कुणाची नाव चालणार नाही."

दोघा भावांनी उन्हाच्या जागी तळे उभे केले. फळ्यांच्या फटींत तागाचे पेड ठासायचे काम रोहकाचे. त्याने ते झटपट उरकले आणि राजासमोर पाणी भरले. पाणी चढले तसे पेड एकेक करून बाहेर सरकू लागले, आणि शेवटी एक जोरदार धार पुरोहिताच्या नव्या उपरण्यावर गेली. रोहकाने फटी बाहेरून ठासल्या होत्या. नावेला बाहेरून पाणी दाबते, म्हणून नावाडी बाहेरून ठासतो. तळ्याचे पाणी आतून ढकलते, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

"दादा, जन्मभर पाण्याला बाहेर ठेवायला शिकलो," तो ओशाळून म्हणाला. "आता त्यालाच आत ठेवायचं म्हणजे हात ऐकत नाहीत."

सुतीर मोकळेपणाने हसला. दोघांनी सगळ्या फटी आतून ठासल्या आणि वरून मेण लावले. दुसऱ्या सकाळी पाहिले तर थेंबभरही पाणी गळले नव्हते. पण पाण्याचा रंग खैराच्या काढ्यासारखा झाला होता. सुतीराने ओंजळभर तोंडात घेतले. ते कडू होते.

"दादा, गप्प राहा," रोहक कुजबुजला. "मासे आठवड्याने मेले तर लोक थंडीला बोल लावतील. तोवर उतार आपला झालेला असेल."

"लोक थंडीला बोल लावतील," सुतीर म्हणाला. "राणीसाहेबांच्या ओंजळीत मात्र मेलेलाच मासा असेल."

इतक्यात राजा आणि राणी रांजण घेऊन आले. सुतीराने हात जोडले. "महाराज, मासे सोडू नका. तळं गळत नाही, पण नवं लाकूड रस सोडतंय. त्याचा वास आपल्याला गोड वाटतो, माशांना तो रस विषासारखा आहे. पावसाळाभर पाणी भरून ओतत राहिलं तर निवळेल."

"एक मासा सोडून पाहू या," पुरोहित म्हणाला.

"आपलं नुसतं पाहणं होईल, महाराज. त्याचा जीव जाईल."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "पावसाळ्यापर्यंत ते जगणार कुठे? मग उताराचं विसर."

"विसरलो, महाराज. उद्या संध्याकाळपर्यंत तेवढा वेळ द्या."

भाऊ परत निघाले. नदीच्या मध्यावर सुतीराची नजर पायाखालच्या फळ्यांकडे गेली. इतकी वर्षे पाण्यात राहून त्यांच्यात रसाचा अंशही उरला नव्हता. काठाला लागताच त्याने नाव वर ओढली आणि पटाशी मागितली.

रोहक ती देईना. "वेडा झालास का? हिच्यावर आपलं पोट आहे!"

"आपण उपाशी राहिलो तर दुसऱ्याकडे मजुरी करू. त्या माशांना दुसरं पाणी कुठे आहे?"

पहिली फळी सुटली तेव्हा तिच्यावर वडिलांच्या वाकसाचे घाव दिसले. सुतीराला फार वाईट वाटले. त्याने डोळे पुसले आणि दुसऱ्या फळीला हात घातला. रोहक बराच वेळ पाठ करून बसला होता. अंधार पडू लागला तसा तोही उठला आणि जुनी राळ खरवडू लागला.

सकाळी फळ्या नेण्यासाठी नाव नव्हती. त्यांनी फळ्यांचाच तराफा बांधला आणि तो ढकलत दोघे गारठलेल्या नदीतून पोहत गेले. मग देवदाराच्या फळ्या सोडवून कोपऱ्यात रचल्या आणि तळे पुन्हा उभे केले. प्रत्येक फळीची नदीकडची बाजू त्यांनी आत घेतली आणि फटीही आतून ठासल्या. भोवती पेंढा घालून माती ओढली. दुपारच्या उन्हात पाणी कोमट झाले. ते जसे भरले तसेच स्वच्छ राहिले.

राणीने मासे सोडले. ते आधी तळाशी गेले आणि ती काठावर वाकली. मग एक हळदीच्या रंगाचा मासा वर आला आणि फळीवरच्या हिरव्या शेवाळाला तोंड लावू लागला. पाठोपाठ बाकीचे आले. राणी किती तरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. नंतर तिची नजर भावांकडे वळली.

"भाऊ, तुमचे कपडे ओले कसे?" तिने विचारले. या नगरात आल्यापासून ती पहिल्यांदाच आपण होऊन कुणाशी बोलली होती.

सुतीर पेंढ्यावरची माती थोपटत राहिला. रोहकाला राहवेना. "पोहत आलो, बाईसाहेब. आता नाव कुठली? ती या तळ्यातच आहे."

राजाने वाकून पाहिले. एका फळीवर, नावेच्या पुढच्या टोकावर रंगवतात तो डोळा होता. अर्धा पाण्यात बुडाला होता, अर्धा राजाकडे पाहत होता. राजा लाजला आणि त्याने ते लपवलेही नाही. थोड्या वेळाने त्याने कोपऱ्यातल्या देवदाराकडे बोट दाखवले. "हे लाकूड माशांना चालत नाही. नदीला चालेल?"

"नदी मोठी आहे, महाराज. एवढा रस ती वाहून नेईल."

उताराचा हक्क राजाने तिथेच दिला. देवदाराची नाव घाटावर आकार घेऊ लागली, तेव्हा रोहक तागाचे पेड घेऊन थेट तिच्या पोटात शिरला.

"रोहका," सुतीर म्हणाला, "या खेपेला बाहेरून."

पुढे, तो बोधिसत्त्व बुद्ध झाल्यावर, विहारात एका भिक्खूने, दाते पाहायला येणार म्हणून, कुटीचे छप्पर घाईने शाकारले होते. गळेल तेव्हा पाहू, असे तो म्हणाला होता. त्याला समोर बसवून बुद्धांनी ही कथा सांगितली आणि शेवटी जन्मांची जुळणी केली. त्या वेळचा राजा म्हणजे आजचा उपासक भद्दसार. राणी ती भिक्खुणी सुचिरा. रोहक हा समोर मान खाली घालून बसलेला धम्मगोप, आणि सुतीर तो मीच. आपल्या पायाखालची नाव मोडून परक्या जिवाला पाणी देणे, ही करुणा होय.

धम्मगोप उठला, नमस्कार करून बाहेर गेला आणि कुटीवर चढून छप्पर उलगडू लागला.