नाईकाचा रुसलेला हात

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही मिसरूड फुटलं नव्हतं.

एका राज्याच्या वेशीवर एक खिंड होती. इतकी अरुंद, की दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकत नसत. म्हणून राखणीला एकच नाईक. सात पिढ्या हा मान एकाच घरात होता. आताचा नाईक तलवारीला पक्का आणि मिशांना त्याहून पक्का. त्याच्या उजव्या हाताचं नाव काढलं, की चोर वाट बदलत.

पण चोरही शिकतात बरं! शिकत नाहीत ती फक्त आपली पोरं. त्या वर्षी चोर खिंडीच्या दोन्ही तोंडांनी शिरले. नाईक पुढच्यांशी लढत राहिला आणि पाठीवर वार बसला. जीव वाचला तो नशिबानं.

राजानं बोलावून सांगितलं, "दसऱ्याला दोन तलवारी घेऊन माझ्यासमोर उतर. पुढून एक गडी, मागून एक. दोघांच्या काठ्या गेरूत बुडवलेल्या. अंगरख्यावर एक ठिपका जरी पडला, तर खिंड दुसऱ्याच्या हवाली."

दसऱ्याला तीन महिने होते. नाईकानं घरी येऊन दोन तलवारी उपसल्या. उजवी सपकन फिरली, डावी नेमकी तिच्या वाटेत आली. खण्ण! आणि डावीकडची मिशी जमिनीवर. त्या दिवशी गावात कुणी जेवलं नाही, हसूनच पोटं भरली.

उरलेली मिशी घेऊन नाईक डोंगरापलीकडे गेला. तिथे एक म्हातारी वस्ताद राहायची. तरुणपणी ती दोन तलवारी फिरवू लागली, की माशीलाही आत शिरता येत नसे. आता ती अंगणात ताक घुसळत होती.

"ये रे, अर्धमिशा."

"आजी, दोन तलवारी शिकव."

"तलवारी शहाण्याच असतात. हात दाखव."

तिनं त्याचा डावा हात धरला, कानाशी नेला आणि मान हलवत बराच वेळ ऐकलं. "हा रुसलाय," ती म्हणाली.

"हात कधी रुसतो का?"

"का रुसू नये? म्हणतो, जेवायला उजवा, प्रसादाला उजवा, मुजऱ्याला उजवा. मला तीस वर्षांत एकच काम दिलं. रोज सकाळचं, तांब्यावालं. तेही चारचौघांत सांगायची सोय नाही. आता जिवावर बेतलं, तर म्हणे तलवार धर!"

नाईक ओशाळला. पोरांनो, फिदीफिदी हसू नका. तुमचा डावा हातही ऐकतोय.

म्हातारीनं रवीच्या दोरीची दोन्ही टोकं त्याच्या हातांत दिली. नाईकानं दोन्ही टोकं एकाच वेळी ओढली. रवी जागची हलेना. मग त्यानं उजव्यानं असा हिसका दिला, की डेरा कलंडला आणि दही थेट तोंडावर.

दावणीची म्हैस म्हणाली, "चला, मिशीची भरपाई तरी झाली."

म्हातारी मात्र हसली नाही. "तुझा डावा कच्चा नाही रे, नायका. उजवा त्याला वाट देत नाही. ओढायला सगळ्यांनाच येतं. सोडायला शिक. तोवर तलवारीला शिवायचं नाही."

नाईक रोज घुसळत बसला. ओढणं सोपं होतं. पण उजवा हात सैल सोडायची वेळ आली, की तो दोरी आणखीच घट्ट धरे. ज्या हातावर सात पिढ्यांचा मान तोलला, तो ढिला सोडायचा कसा? पहिला महिना त्या भीतीतच गेला. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी दोरी अशी येत-जात राहिली, की कुठला हात ओढतोय आणि कुठला सोडतोय, हे तो विसरूनच गेला. लोणी कधी आलं, कळलंही नाही.

म्हातारीनं तलवारी पुढे केल्या. "आता हेच कर. दोरी आहेच, फक्त दिसत नाही."

दसरा आला. नाईक पांढराशुभ्र अंगरखा घालून उतरला. पुढची काठी आली, उजव्यानं अडवली. मागून दुसरी आली. जुन्या खोडीनं उजवा तिकडेही धावणार, तोच नाईकानं त्याला सैल सोडलं. डावी तलवार खांद्यावरून मागे गेली आणि काठी उडाली. मग एक यायची तेव्हा दुसरी जायची, दुसरी यायची तेव्हा पहिली जायची. गेरू गड्यांवर उडाला, राजाच्या मोजडीवर उडाला. अंगरख्यावर ठिपका नाही.

राजानं सोन्याचं कडं काढलं. सवयीनं नाईकाचा उजवा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. राजाकडून डाव्या हातानं घ्यायचं, तर तो अपमान. सगळे बघत राहिले. नाईकानं दोन्ही हातांची ओंजळ केली, कडं घेतलं आणि डाव्या मनगटात घातलं.

गर्दीतून म्हातारी ओरडली, "गेला का रे रुसवा?"

"गेला, आजी! पण सकाळचं काम बदलून मागतोय."

पुढे चोर पुन्हा दोन्ही तोंडांनी आले, आणि दोन्ही तोंडांनी पळाले.

म्हणून सांगतात: बळकटानं वाट सोडली, तरच जोडीला बळ येतं.