दोन सिस्टीम आणि एक मेव्हणा

एका गावात एक भोळा मेव्हणा होता. त्याचं नाव म्हाळू. मेव्हणा तो अण्णासाहेब मगदुमांचा, आणि मगदुमांचा बिजागऱ्यांचा कारखाना होता. बायकोच्या भावाला कामावरून काढता येत नाही आणि मशीनवरही ठेवता येत नाही. म्हणून अण्णासाहेबांनी त्याला कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख केलं. तिथे निदान त्याची बोटं शाबूत राहतील, एवढाच त्यामागचा विचार होता.

विभागात सहा कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर कोणती सिस्टीम घालायची याचा खल तीन वर्षं चालू होता. सिस्टीम म्हणजे जिच्यामुळे कॉम्प्युटर कामाला लागतो ती. एक होती नील. ती विकत मिळायची, आणि दरवर्षी पुन्हा विकत घ्यावी लागायची. दुसरी मुक्ता. ती फुकट होती, फक्त ती शिकवायला येणाऱ्या उपाध्येबाई फुकट नव्हत्या. नीलचे पोतनीस टाय लावून यायचे आणि मुक्ता कशी बंद पडते ते सांगायचे. उपाध्येबाई झोळी घेऊन यायच्या आणि नील कशी बंद पडते ते सांगायच्या. आपली कशी चालते हे सांगायला दोघांनाही कधी वेळ मिळाला नाही.

अशात बातमी आली की कपाटं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे कडोलकरसाहेब कारखाना बघायला येणार. त्यांची ऑर्डर मिळाली तर कारखान्यातल्या चाळीस बायांना वर्षभर काम. नाही मिळाली तर दिवाळीनंतर गेटला टाळं. अण्णासाहेबांना दुसरी ऑर्डरच नव्हती.

"म्हाळू, साहेब यायच्या आत सिस्टीमचं ठरलं पाहिजे," अण्णासाहेब म्हणाले. "दोघींना सारखी संधी दे. कुणावर अन्याय नको."

"बरं, दाजी."

म्हाळूने सहाही कॉम्प्युटरवर दोन्ही सिस्टीम घालून घेतल्या. सकाळी सगळीकडे नील. जेवणाची घंटा झाली की सगळीकडे मुक्ता. ऑफिसातल्या हेमलताबाई कडोलकरसाहेबांना पत्र लिहीत होत्या. त्या 'आपला नम्र'पर्यंत आल्या आणि घंटा झाली. म्हाळूने कॉम्प्युटर बंद केला.

"अहो, माझं पत्र," हेमलताबाई म्हणाल्या.

"नीलची पाळी संपली, बाई. आता मुक्तावर अन्याय व्हायला नको."

पत्र गेलं ते गेलंच. अण्णासाहेबांनी डोक्याला हात लावला. पोतनीस आणि उपाध्येबाई दोघं धावत आले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. दोघांनी मिळून म्हाळूला समजावलं, की काहीही बदलायचं असेल तर आधी त्याची एक प्रत काढायची. आणि ती आपल्या इमारतीत ठेवायची नाही, दुसऱ्या इमारतीत ठेवायची. इथे आग लागली तर तिथली उपयोगाला येते.

म्हाळूने ते नीट लक्षात ठेवलं.

दोन दिवसांनी गोदामाचं कुलूप बदललं. म्हाळूने नव्या किल्लीची प्रत करून घेतली आणि दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवली. दुसरी इमारत म्हणजे शेजारच्या बाबूशेठांची. बाबूशेठही बिजागऱ्याच करायचे. आठवडाभर ते रोज सकाळी गोदाम उघडून मगदुमांचा माल बघून जात होते, नमुना घेऊन जात होते आणि कुलूप परत नीट लावत होते. शेवटी त्यांनाच कसंतरी वाटलं आणि ते किल्ली परत द्यायला आले.

"तुमचा मेव्हणा फार मोकळ्या मनाचा आहे," ते अण्णासाहेबांना म्हणाले.

अण्णासाहेबांनी किल्ली खिशात घातली. मग म्हणाले, "म्हाळू, कॉम्प्युटर तरी कुणालाही आत घेतो का रे? आधी पासवर्ड विचारतो. बरोबर सांगितला तर आत, न्हाईतर बाहेर. एवढी अक्कल त्या डबड्याला आहे. तू पण तेच शिक."

"शिकतो, दाजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मोठी गाडी आली. म्हाळू आडवा आला.

"पासवर्ड?"

"मी कडोलकर," आतले साहेब म्हणाले.

"चूक."

"अहो, बिजागऱ्या बघायला बोलावलंय मला."

"चूक. आता एकदाच ऱ्हायलं."

"तुम्ही कोण आहात?"

"हे पण चूक," म्हाळू म्हणाला आणि त्याने घड्याळ बघितलं. "तीनदा चुकलं, साहेब. आता अर्ध्या तासानं प्रयत्न करा."

साहेब अर्धा तास उन्हात बसले. अण्णासाहेबांना कळलं तेव्हा ते अनवाणी पळत आले, साहेबांना हाताला धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं, चहा दिला. मग म्हाळूला दाराआड ओढलं.

"अरे, गिऱ्हाईक म्हणजे देव. त्याला कशालाही नाही म्हणायचं नाही. तो काही म्हणाला की हो म्हणायचं. कळलं?"

"हो," म्हाळू म्हणाला. सुरुवात चांगली झाली होती.

अण्णासाहेब बिस्किटं आणायला वळले तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "तुमच्या मशीन मध्येच बंद पडतात का हो?"

"हो."

"माल वेळेवर जात नाही?"

"हो."

"म्हणजे शेजारच्यांना विचारलेलं बरं?"

"हो, साहेब," म्हाळू म्हणाला आणि हसला. इतकं सोपं काम त्याला कुणी कधी दिलं नव्हतं.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठले. अण्णासाहेबांना रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी हात जोडले. "साहेब, माणसाचं ऐकू नका. मशीनचं काम बघा. तुमच्यासमोर शंभर बिजागऱ्या काढतो. एका मशीनला नीलचा कॉम्प्युटर लावतो, एकीला मुक्ताचा. जी चांगली चालेल ती आज इथल्या इथे घेतो."

कडोलकर तसा भला माणूस. तो बसला.

अण्णासाहेबांनी म्हाळूला बोलावलं. या वेळी त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. "नीट ऐक. सगळ्यांवर नजर ठेव. जी आधी थांबेल, तिचा प्लग काढायचा आणि तिला बाहेर नेऊन ठेवायचं. बाकी काही बोलायचं नाही. डोकं चालवायचं नाही. मला विचारायला यायचं नाही."

"बरं, दाजी."

पोतनीस आणि उपाध्येबाईंना बोलावून घेतलं आणि मशीन सुरू झाल्या. एकीकडे पोतनीस टाय सैल करून उभे, दुसरीकडे उपाध्येबाई झोळी घट्ट धरून. दोघंही दुसऱ्याची मशीन थांबायची वाट बघत होते. म्हाळू मधे स्टुलावर बसला होता आणि पापणी लवू देत नव्हता. वीस झाल्या, पन्नास झाल्या, शंभर झाल्या. दोन्ही मशीन चालतच राहिल्या. नीलही थांबली नाही, मुक्ताही थांबली नाही. तीन वर्षं ज्या कधीही बंद पडणार होत्या, त्यातली एकही बंद पडली नाही. पोतनीसांचा चेहरा उतरला. उपाध्येबाईंचाही उतरला. मग शंभरावी आधी कुणाची पडली यावरून दोघांचं जोरात जुंपलं.

कडोलकरसाहेबांनी दोन्ही ढिगांतली एकेक बिजागरी उचलली, उघडली, मिटली.

"मला दोन्हीत फरक दिसत नाही," ते म्हणाले. "आणि खरं सांगू, कपाटाच्या दाराला तो कळतही नाही. कोणतीही सिस्टीम घ्या. आणा ते कागद."

अण्णासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ऑफिसातली चाकांची खुर्ची आणून साहेबांना तिथेच बसवलं, पुढ्यात करार ठेवला आणि पेढे आणायला स्वतः मागच्या घरात गेले. बायकोलाही त्यांनी हाक मारली, की तुझ्या भावाने या वेळी काही केलं नाही, देवापुढे दिवा लाव.

साहेबांनी पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्या पानावर केली. तिसऱ्या पानावर सही सुरू केली, वरची एक ओळ दिसली आणि हात थांबला. बिजागरीची जाडी किती लिहिली आहे ते त्यांना पुन्हा बघायचं होतं.

म्हाळू स्टुलावरून उठला.

अण्णासाहेब पेढ्यांचं ताट घेऊन बाहेर आले. मशीन दोन्ही चालू होत्या. पोतनीस आणि उपाध्येबाई अजून भांडत होते. टेबलावर करार होता, तिसऱ्या पानावर 'कडो' एवढंच लिहिलेलं होतं. खुर्ची नव्हती. साहेब नव्हते. गेटबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"म्हाळू, साहेब कुठं आहेत?"

"बाहेर नेऊन ठेवले, दाजी," म्हाळू म्हणाला. त्याला घाम आला होता, पण काम चोख झालं होतं. "मशिनी दोन्ही चांगल्या हायत. ह्योच गडी आधी थांबला. प्लग काय सापडला न्हाई त्यांचा, म्हणून चष्मा काढून घेतलाय."