पॅनेलवरची चादर

"बॅटरी फुगली कधी?" हसनबाबांनी विचारलं.

"दुपारी." मग मी म्हणालो, "...बहुतेक जुनीच होती."



डोंगरावरच्या त्या दर्ग्यात एका खोलीत नर्सताईंचा दवाखाना आहे. बाळांच्या लसींचा फ्रिज सोलरच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी भरली की वीज तोडणारा कंट्रोलर वादळात जळाला होता. नवा येईपर्यंत वायरी थेट जोडल्या होत्या. दर्ग्याची देखभाल करणारे बाबा मीटर पाहत बसत आणि काटा खुणेवर आला की पॅनेलवर चादर टाकत.

मी परदेशात शिकून गावासाठी काही करायला परतलेला. एवढं ऊन वाया जातंय, हे मला बघवेना. बाबा खाली गावात गेले, तेव्हा मी चादर ओढून काढली. ताईंनी हटकलं.

"ताई, ही काय मजार आहे, चादर चढवायला?" मी हसलो.

दुपारपर्यंत बॅटरी गरम होऊन फुगली. फ्रिज बंद पडला. ताई लसी बर्फाच्या डब्यात भरून खालच्या केंद्राकडे धावल्या. अंगणात बाळं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांना मी सांगितलं, की बाबा झाकून झाकून बॅटरी उपाशी ठेवायचे, म्हणून ती गेली.

बाबा परतले ते त्या अंगणातूनच. बायकांनी त्यांना विचारलं. ते मान खाली घालून आत आले.

मी घाईनं वायर उपटायला गेलो. बाबांनी माझं मनगट धरलं.

"आधी ऊन बंद कर."

मी चादर टाकली. मग त्यांनी पॅनेलची वायर सोडवली आणि बॅटरी निवेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही, असं बजावलं.

आम्ही दारात बसून राहिलो. बाहेर एक बाळ रडत होतं.

"कंट्रोलर जळालाय, हे ठाऊक होतं मला," मी म्हणालो. "चादर कशासाठी, तेवढं विचारलं नाही."

"हं."

"...आणि त्या बायकांशी खोटं बोललो."

बाबांनी मान हलवली.

"त्यांनी तुम्हाला विचारलं, बाबा. तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

बाबांनी अंगणाकडे पाहिलं.

"मी सांगितलं असतं, बेटा, तर तुला सांगायला काय उरलं असतं?"