ओल्या पाटीचा वास

एकदा एका वृद्ध अत्तरकाराकडे एक व्यापारी आला आणि त्याने जांभळाचा वास मागितला.

अत्तरकाराचा चाळिशीला आलेला शिष्य तेव्हा फायांसाठी कापूस पिंजत बसला होता. त्याचे हात जागच्या जागी थांबले. जांभळाचा तो सुवास त्याचा होता. तीन उन्हाळे खपून त्याने तो साधला होता. त्याच्या शाळेमागे जांभळाचे झाड होते. मधली सुट्टी संपली की मास्तर वर्गाच्या दारात उभे राहून म्हणत, "जिभा दाखवा." ज्याची जांभळी, त्याने अंगठे धरायचे. त्या कुपीचे बूच काढले की ते झाड, ती सुट्टी, ओणवे उभे असलेले ते मित्र, सगळे खोलीत हजर होई. गुरूंनी आजवर त्याच्या एकाही कामाला चांगले म्हटले नव्हते. ही कुपी मात्र त्यांनी डोळे मिटून दोनदा हुंगली होती. आणि आज ती हुंगून मागणारे गिऱ्हाईक आले होते.

"घालणार कशात?" गुरूंनी विचारले.

"या वाफेच्या नळीत." व्यापाऱ्याने खिशातून बोटाएवढी चकचकीत नळी काढून दाखवली. "आत तंबाखूचा अर्क, वर तुमचा वास. राख नाही, पिचकारी नाही, कपड्यांना वास नाही. पुढे सुवासिक तंबाखूच्या पुड्याही काढू. अण्णा, तुमचं नाव गावोगाव जाईल."

"आणि नगरसभेत अशा वासांवर बंदीचा ठराव येतोय, त्याचं काय?"

"त्यासाठीच तर आलो! पोरं बिघडतात म्हणे. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की हे वास मोठ्या माणसांसाठी आहेत. तुमचा शब्द सभा खाली पडू देणार नाही. अहो, दिवसभर दुकानात मान मोडून बसलेला माणूस. दोन झुरके घेतले आणि त्याला त्याचं लहानपण आठवलं, तर त्यात पाप काय?"

शिष्याला ते पटले. त्याने तरी दुसरे काय केले होते? लहानपणच कुपीत भरले होते.

गुरूंनी आयुष्यात पुष्कळ ग्रंथ वाचले होते, आणि म्हणूनच की काय, चटकन मत देणे त्यांना कधी जमले नव्हते. त्यांच्या घराची एक रीत होती. सुवास ज्याच्यासाठी केला, त्याच्या नाकाने साक्ष दिल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. देवाचे अत्तर पुजाऱ्याने हुंगायचे, लग्नाचे नवरीने.

"तुमचं गिऱ्हाईक मोठा माणूस," गुरू म्हणाले. "तुम्ही पंचावन्नचे. साक्ष तुमचीच घेऊ. आठ दिवसांनी या."

"जांभूळ तर मी आत्ताच हुंगलं की!"

"आठ दिवसांनी," गुरू पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या बाजारात गेले आणि एक फुटकी दगडी पाटी घेऊन आले. तिच्यावर पाणी शिंपडायचे, बाहीने पुसायची, हुंगायची. मग मातीच्या अत्तरात थोडा वाळा, किंचित नागरमोथा, पुन्हा हुंगणे, पुन्हा ओतून देणे. "छे! ही सारवलेली पडवी झाली. पाटी कुठाय?" असे ते स्वतःवरच चिडत.

शिष्याला काही उमजेना. "गुरुजी, पाटीचा वास ओढणार कोण?"

"तेच बघतोय."

सहाव्या दिवशी काम करता करता ते थांबले. "अरे, मी म्हातारा झालो म्हणून नव्या गोष्टीला नाक मुरडतोय का? खरं सांग."

शिष्य चाचरला. "नळी इतकी वाईट असती, तर शेठजी एवढ्या मोकळेपणाने आले असते का?"

"हो ना," गुरू हळूच म्हणाले. "तिथंच माझं घोडं अडतं."

आठव्या दिवशी व्यापारी आला. गुरूंनी फाया पुढे केला. त्याने बैठकीवर बसत तो नाकाशी नेला.

"पाटी! अण्णा, पाटी हो ही! थुंकी लावून पुसायचो आम्ही. पेन्सिल खायचो म्हणून आईने बदडून काढलं होतं मला." त्याचे डोळे भरून आले. "मी आत्ता दुसरीत जाऊन आलो."

"मग हाच घ्या," गुरू म्हणाले. "मोठ्या माणसाला याहून जास्त लहानपण कशातच आठवणार नाही. तुम्हाला फुकट देतो."

व्यापाऱ्याने उपरण्याने डोळे पुसले आणि तो हसला. "छे हो, हा कसा चालेल? आजच्या पोरांनी दगडी पाटी बघितलीय कुठे? त्यांना काय कळणार!"

मग त्याचे उपरणे हातातच राहिले. आपण काय बोललो ते त्याच्याही ध्यानात आले असावे. शिष्याने गुरूंकडे पाहिले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. आपला संशय खोटा ठरला असता तर बरे झाले असते, असे काहीतरी तिथे होते.

त्यांनी कागद ओढला आणि मागितलेल्या दोन ओळी लिहिल्या. 'मोठ्यांना लहानपण आठवेल असा सुवास मी यांना दिला. आजच्या पोरांना तो कळणार नाही म्हणून यांनी तो नाकारला.' व्यापाऱ्याने त्या वाचल्या, कागद बैठकीवर ठेवला आणि उठला. दारापाशी तो घुटमळला.

"तो पाटीचा फाया... घेऊन जाऊ?"

"न्या," गुरू म्हणाले.

तो गेल्यावर शिष्य म्हणाला, "पण गुरुजी, जांभूळ मोठ्यांनाही आवडतंच की."

"आवडतं. म्हणून तर शेठजींवर उगाच संशय घेतोय की काय, अशी आठ दिवस भीती होती." गुरू म्हणाले. "तेरा वर्षांचा असताना शाळेच्या भिंतीआड मी विडी ओढली. असा ठसका लागला की उभं राहवेना. घरी गेलो, तर सदऱ्याच्या वासावरून आईने ओळखलं. मला त्या ठसक्याने आणि त्या वासाने वाचवलं. अक्कल फार पुढे आली. तंबाखू कडू आहे, हा तिचा एकच चांगुलपणा. जाणता माणूस तो कडूपणा पत्करून तिच्याकडे जातो, तर ते त्याचं त्याच्यापाशी. पण अक्कल यायच्या आधीची चार वर्षं तो कडूपणाच पोरांची राखण करतो. वर जांभूळ पसरलं, की राखण उठली. तुझ्या मास्तरांना निदान जीभ दिसत होती. या वाफेने कुणाची जीभ जांभळी होणार आहे?"

शिष्याने ती चिठ्ठी नगरसभेत नेऊन दिली. ती मोठ्याने वाचली गेली, आणि त्यानंतर ठरावाला विरोध करायला कोणी उठले नाही.

परतताना शिष्याच्या खिशात जांभळाची कुपी होती. हा सुवास आपण कोणासाठी केला, हे तीन उन्हाळ्यांत त्याने स्वतःला कधी विचारलेच नव्हते. तो वाट वाकडी करून आपल्या मास्तरांच्या घरी गेला. मास्तर आता अंथरुणाला खिळले होते. दृष्टी गेली होती, माणसे ओळखू येत नव्हती. त्याने एक फाया भिजवून त्यांच्या नाकाशी धरला.

बराच वेळ काहीच झाले नाही. मग त्या थकलेल्या चेहऱ्यावर जुनी जरब उमटली.

"जीभ दाखव," मास्तर म्हणाले.

आणि चाळिशीच्या त्या माणसाने, त्यांना दिसणार नाही हे ठाऊक असूनही, मुकाट्याने जीभ बाहेर काढली.