समुद्र गटातलं आंबेखोरे

आंबेखोऱ्याच्या कॉलेजला कबड्डीच्या समुद्र गटात टाकलं, तेव्हा निम्म्या गावाने समुद्र पाहिलाही नव्हता! ओढ्यापलीकडच्या चिंचखोऱ्याची गत त्याहून वाईट. ते गेलं वाळवंट गटात!

"आपल्याकडे वाळवंट कुठलं हो?" चिंचखोऱ्याच्या प्राचार्यांनी विचारलं होतं.

"शोधू की!" बन्सीशेठ म्हणाले.

बन्सीशेठ खणखणाट वाहिनीचे मालक. सगळ्या कॉलेजांची कबड्डी त्यांनी टीव्हीसाठी विकत घेतली आणि नकाशावर मनाला येईल तसे गट पाडले. आंबेखोऱ्याला त्यांनी निळा रंग दिला, कारण पडद्यावर तो उठून दिसतो. आंबेखोऱ्याचे प्राचार्य डोईफोडे सर यांना मिळालेल्या रकमेत काचेचा जिमखाना होणार होता. सरांनी कागद न वाचताच सही ठोकली.

मग पोरं निघाली कोकणात. दीड दिवसाचा एसटीचा प्रवास, त्यात तीन घाट! पहिल्या चढाईला सदा "कबड्डी, कबड्डी" म्हणत गेला आणि मधल्या रेषेवरच ओकला. बाकीच्यांच्या पायांना मुंग्या. चाळीस-नऊने हरून संघ परत आला. चिंचखोऱ्याशी जुन्या ओढाकाठ गटात होणारा दरसालचा सामना तर बंदच पडला, कारण गट वेगळे!

हे सगळं कौसाबाईच्या जिव्हारी लागलं. कौसाबाई म्हणजे मैदानावरची शिपाई. पाणी मारायचं, माती चोपायची, फक्कीने रेषा आखायच्या, हे तिचं काम. मैदानाच्या कडेला पोरं हिरमुसून बसलेली बघून तिचा जीव तुटायचा.

एके दिवशी शेठ गाडीतून मैदान बघायला आले. कौसाबाई फक्कीने माखलेले हात घेऊन थेट समोर उभी राहिली.

"शेठ, आमचा जुना ओढाकाठ गट आम्हाला परत द्या!"

"कौसाबाई, गप्प बसा!" डोईफोडे सर कुजबुजले.

"बोलू द्या," शेठ मिशीत हसले. "बाई, जुन्या गटात मला तोटा आहे. तुमचं गाव दहा गुणांनी मागं पडलं की काय करता?"

"टीव्ही बंद करतो. उगा जीव कशाला जाळायचा?"

"तेच! हरणारं गाव टीव्ही बंद करतं. माझ्या साबणाची जाहिरात मग बघणार कोण? म्हशी?"

सोबतची माणसं खो खो हसली. शेठना चेव चढला.

"ऐका! येत्या रविवारी एक सामना दाखवा. बरोबरी चालायची नाही. एक जिंकला पाहिजे, एक हरला पाहिजे. पण हरणाऱ्यांच्या घरातला एकही टीव्ही शेवटपर्यंत बंद होता कामा नये! जमलं, तर तुमचा जुना गट तुम्हाला. नाही जमलं, तर दहा वर्षं समुद्रात!"

डोईफोडे सरांनी मागून नको नको म्हणून हात हलवले. कौसाबाईने पदराला हात पुसले.

"कोण कुणाशी खेळणार, ते मी ठरवणार."

"ठरवा!"

"मग द्या लिहून!"

शेठनी ऐटीत सही केली.

आठवडाभर पोरांनी विचारून विचारून भंडावलं, पण बाई आपली माती चोपत राहिली. रविवारी दोन्ही गावं मैदानावर लोटली. कॅमेरे लागले. एका बाजूला सात पोरं उभी राहिली. चार आंबेखोऱ्याची, तीन चिंचखोऱ्याची!

"दोन्ही गावांचा एकच संघ?" शेठ चक्रावले. "आणि समोर कोण?"

"ते तुमच्याच गाडीतनं आलेत की! उतरवा खाली. हे जाहिरातसाहेब, हे समालोचक, हे नकाशेवाले, मेकअपवाले, हिशेबनीस, ड्रायव्हर. झाले सहा."

"आणि सातवा?"

"कप्तान तुम्ही!"

"मी?" शेठ किंचाळले.

"सही तुमचीच हाय. ही घ्या चड्डी!"

आता काय करणार? लाखो लोक बघत होते! शेठ चड्डीत उतरले. समालोचक माईक घेऊनच चढाईला गेला. "आणि हा जबरदस्त खेळाडू आत शिरतोय... आणि पकडला... अरे, मीच पकडला गेलो!" जाहिरातसाहेब लपायला जागा शोधत रेषेबाहेर गेले. शेठना तर पोरांनी अलगद उचलून मातीत ठेवलं. अख्खा संघ पुन्हा पुन्हा बाद होऊन लोणवर लोण चढले. शेठच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकच गुण मिळाला, तोही चढाईला आलेल्या सदाचा हसता हसता दम सुटला म्हणून!

एकसष्ट विरुद्ध एक! दोन्ही गावं नाचायला लागली.

शेठ धापा टाकत उठले. त्यांनी आधी फोन मागवला. त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात कुठला टीव्ही कधी बंद झाला, ते सांगणारं यंत्र होतं.

"हरले आपण! आपल्या माणसांचे किती टीव्ही बंद झाले?"

"एकही नाही, शेठ!"

"एकही नाही?"

कौसाबाई पुढे आली. "कसा बंद होईल? हरले मालक, पडद्यावर मालक. मालकाच्या तोंडावर टीव्ही बंद करून नोकरी घालवणार कोण?"

"नोकरांचं ठीक आहे. पण माझ्या घरचा? बायकोला कुठं नोकरीची भीती?"

फोनवरचा माणूस चाचरला. "बाईसाहेबांनी शेजारणींनाही बोलावलंय, शेठ. तुम्हाला उचलून ठेवलं, तेवढं पुन्हा दाखवा म्हणतायत!"

शेठनी कपाळावर हात मारला. मग पोट धरून असे हसले, की हसता हसता पुन्हा मातीत बसले.

"घ्या तुमचा ओढाकाठ गट! पुढच्या रविवारी आंबेखोरे विरुद्ध चिंचखोरे! पण बाई, तेव्हा हरणारं गाव टीव्ही बंद करेल, त्याचं काय?"

"कागद बघा, शेठ. त्यात शर्त एकाच रविवारची लिवलीय!"

शेठ आणखी जोरात हसले आणि कौसाबाईच्या मैदानासाठी माती दाबायचा नवा कोरा रोलर त्यांनी तिथल्या तिथे कबूल केला.