शेजारची सीट

माझा जालिंदरदादा साताऱ्यात टायरचं छोटं दुकान चालवायचा. एकदा निंबाळकरसाहेब लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. त्यांना वेगाला टिकणारे, पण परवडणारे टायर हवे होते. मागोमाग मोठ्या शोरूमचे घोलपशेठ परदेशी टायर घेऊन आले.

"अशा गाडीला याचा स्वस्त माल लावणार?"

दादानं त्या टायरवरचे तारखेचे आकडे वाचले. म्हणाला, "साहेब, यांचेच बसवतो. फक्त यवतेश्वर घाटात पहिल्या फेरीला शेजारी शेठ बसू देत. माझे घेतले, तर मी बसतो."

शेठ म्हणाले, "मला गाडी लागते."

"लागणारच. आठ वर्षांचं रबर आहे, दगड झालंय."

साहेबांनी दादाचेच टायर घेतले, आणि दादा शेजारी बसला.

काल दादाच्या तेराव्याला साहेब त्याच गाडीतून आले. शेजारचं दार उघडून मला म्हणाले, "बस."