एकतीस चिठ्ठ्यांचा माठ

तळेगिरीच्या चंद्रभान राजाची जीभ खिरीने भाजली. खिरीतून वाफा निघत होत्या. सेवकाने वाटी फडक्यात धरून आणली होती. तरी महाराजांनी घास घेतला आणि ते ओरडले, "ही गरम आहे, असं मला कुणी सांगितलं का नाही?"

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली.

हुकूम असा होता. विकायच्या प्रत्येक वस्तूवर, तिच्यापासून होणाऱ्या प्रत्येक त्रासाचा इशारा चिठ्ठीवर हवा. चिठ्ठ्या दरबारी कारकून डकवील. त्याच्याकडून सुटलेली विकणाऱ्याने स्वतः डकवावी. न सांगितलेला त्रास कुणाला झाला, तर विकणाऱ्याचा धंदा बंद. आणि डकवलेला इशारा जो मोडील, मग तो कुणी का असेना, त्याला भर चौकात पंचवीस फटके!

कारकून होते नरसोपंत. पंत खळीचे भांडे घेऊन निघाले. आठ दिवसांत बाजार पांढरा झाला. विळीवर चिठ्ठी, 'कापते.' उखळावर, 'यात डोके घालू नये.' दोरीवर, 'ही दोरी आहे, साप नाही.' बैलाला पुढून 'शिंगे आहेत' आणि मागून 'लाथ मारतो.' मागची चिठ्ठी डकवतानाच पंतांना तिचा खरेपणा पटला. चार दिवस लंगडत होते.

मग पाळी आली धोंडजी कुंभाराच्या माठाची. राजवाड्यात दर उन्हाळ्याला त्याचाच माठ जाई. पंतांनी त्यावर एकतीस चिठ्ठ्या लावल्या. 'पडल्यास फुटतो.' 'डोक्यात घातल्यास डोके फुटते.' 'यात बसून नदी ओलांडू नये.' माती दिसेनाशी झाली.

धोंडजीची मुलगी गवरा पाहत होती. तिला राहवेना.

"पंत, थोडी जागा मोकळी ठेवा. सगळीकडून कागद लावलात तर पाणी गार कसं व्हायचं?"

"तू मला शिकवतेस? मी हुकूम वाचलाय!"

"आणि मी माठ घडवलाय."

"घडवलास ना? झालं तर मग. बाजूला हो!"

माठ राजवाड्यात गेला. भर दुपारी महाराजांनी पाणी तोंडात घेतले आणि थुंकले.

"हे पाणी आहे की कढण?"

महाराजांनी एकतीसही चिठ्ठ्या वाचून काढल्या. पाणी गार होणार नाही, असे एकीवरही नव्हते. झाले! बापलेकीला बोलावणे गेले.

"धोंडजी, तुझा आवा बंद. तळ्याची माती बंद."

धोंडजीने नुसते हात जोडले. आव्यात मडकी भाजण्यापलीकडे त्याला काही येत नव्हते. गवरा पुढे झाली.

"महाराज, माठात खोट नाही. माठ पाझरतो, त्याला वारा लागतो, म्हणून पाणी गार होतं. पंतांनी त्याला वैशाखात गोधडी पांघरली!"

कुणीतरी हसू दाबले. महाराजांनी नाही.

"राजा आपला हुकूम मागं घेत नसतो. आणि गरम पाणी मी पिणार नाही. परवा दुपारी, हुकमाचा एक शब्दही न मोडता, मला माठातलं गार पाणी पाज. नाही जमलं तर आवा गेला!"

पंत गालात हसले.

वाटेत धोंडजी म्हणाला, "पोरी, बोचकं बांधायला घे."

"का, बा?"

"कागद लावलेल्या माठात पाणी गार होत नाही. जन्म गेला माझा यात."

"हे अगदी खरं?"

"अगदी खरं."

"मग ते लिहायला हवं," गवरा म्हणाली आणि गुरवाच्या घराकडे वळली. पंतांखेरीज गावात लिहिणारा तेवढाच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गवराने भरलेला नवा माठ दरबारात ठेवला. पोटावर तळहाताएवढी एकच चिठ्ठी. पंत खळ आणि चिठ्ठ्या घेऊन तयारच होते.

"एकच? बाकीच्या एकतीस मी लावतो!"

"लावा की. आधी ती तेवढी वाचा."

"मला वाचता येतं!" पंतांनी मोठ्याने वाचले, "'या माठावर आणखी चिठ्ठी डकवू नये. डकवल्यास पाणी गार होत नाही.'"

खळीने माखलेले बोट तिथेच थांबले.

"महाराज, ही लबाडी आहे!"

"लबाडी कसली?" गवरा म्हणाली. "तुमच्याकडून सुटलेला इशारा विकणाऱ्यानं लावायचा. हा सुटला होता. आणि तो खरा आहे, महाराजांनी स्वतः चाखलंय."

"मग बाकीचे इशारे?" महाराज गरजले. "हुकूम मोडतो आहे!"

"मी कुठं मोडते? डकवणं पंतांचं काम. मी त्यांचा हात धरलेला नाही."

"पंत, डकवा!"

पंत पांढरे पडले. "महाराज... पंचवीस फटके..."

"द्या इकडं! मीच डकवतो!"

महाराजांनी चिठ्ठी हिसकावली. गवराने कमरेत वाकून वाट करून दिली.

"डकवा, महाराज. हुकमात 'मग तो कुणी का असेना' असं आहे. फटके कुणी मारायचे, तेवढं आधी ठरवा."

महाराजांचा हात हवेतच राहिला. चिठ्ठी बोटाला चिकटली, झटकली तरी सुटेना. तेवढ्यात गवराने तांब्या भरून पुढे केला. महाराज प्यायले. दात शिवशिवले. त्यांनी सगळा तांब्या रिकामा केला.

मग माठाकडे बोट करून म्हणाले, "पण पोरी, तुझीही एक चिठ्ठी आहेच. तिच्याखालचं पाणी?"

"तेवढं कोमट आहे, महाराज. ते पंतांना ठेवलंय!"

महाराज खो खो हसले. हसता हसताच त्यांनी हातातले सोन्याचे कडे गवराला दिले, तळ्याची माती धोंडजीला कायमची मोकळी केली, आणि बाजारातले सगळे कागद उतरवायचा हुकूम दिला. उतरवायचे काम पंतांना. सुरुवात बैलापासून, मागच्या बाजूने!